लीड्समधली ग्रॅड स्कीम: दोन वर्षं पूर्ण करून लिहिलेला रिव्ह्यू

आधी गुण देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. ट्रेनिंगला पाचपैकी पाच. कामाला चार. पगाराला तीन. एचआरला दीड, आणि त्यातला वरचा अर्धा व्हिसाच्या वेळी शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांनी केलेल्या धावपळीबद्दल. सरासरी काढली तर साडेतीनच्या जरा खाली येते, पण ट्रेनिंगचं वजन मी मुद्दाम जास्त धरलंय आणि एकूण साडेतीन लावलेत. का, ते व्हिसाच्या भागात कळेल.

कंपनीचं नाव देत नाही, कारण मी अजून तिथंच नोकरीला आहे. यूकेमधली मोठी इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी, लीड्सचं ऑफिस, पाणी आणि सांडपाणी विभाग, सिव्हिल इंजिनिअरांसाठीची दोन वर्षांची ग्रॅज्युएट स्कीम, म्हणजे नव्या पदवीधरांना नोकरीतच ट्रेनिंग. जानेवारी २०२४ ला लागले, गेल्या महिन्यात संपली. मी सांगलीची. तिथल्या वालचंद कॉलेजमधून बी.टेक., मग लीड्सला एक वर्षाची एमएससी. अशा स्कीम इथल्या बहुतेक मोठ्या कन्सल्टन्सीत, कॉन्ट्रॅक्टरांकडे आणि वॉटर कंपन्यांत असतात आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच असतो. त्यामुळे हे वाचून तुमच्या कंपनीचाही अंदाज येईल.

सुरुवात फॉर्मपासून, कारण आपली निम्मी मुलं तिथंच गळतात आणि त्यात हुशारीचा काही संबंध नसतो. पुढच्या वर्षीच्या जागांचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात, आणि जागा भरल्या की बऱ्याच कंपन्या जाहीर केलेल्या तारखेआधीच खिडकी बंद करतात. आपण एमएससीला येतो सप्टेंबरच्या मध्यावर. बँकेचं खातं उघडायचं असतं, खोली मिळवायची असते, कुकरची शिट्टी कुठल्या बॅगेत गेली ते शोधायचं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या वर्षीची नोकरी धरायची असते. इथली मुलं उन्हाळ्यात इंटर्नशिप करून तिथूनच ऑफर घेऊन येतात. त्यामुळे ज्यांना यायचंय त्यांनी फॉर्म भारतातूनच भरायला घ्या. युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर हातात असलं की पुरे, वर्ग सुरू व्हायची वाट बघायची गरज नाही.

फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास असतो: आत्ता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी कंपनीचा आधार, लागेल का? ‘हो’वर टिक केली की काही ठिकाणी पुढचं पानच उघडत नाही. खोटं ‘नाही’ लिहू नका, कागद तपासताना ते बाहेर येतंच. त्यापेक्षा सरकारच्या साइटवर स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी फुकट उतरवता येते, एक लाखाहून जास्त नावं आहेत, ती बघा. पण यादीत नाव आहे म्हणजे ती कंपनी नवख्या पोरांना स्पॉन्सर करतेच असं नाही. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या एखाद्या तज्ज्ञासाठी लायसन्स काढून ठेवलेल्या कंपन्या ढिगानं आहेत. हे ईमेल करून विचारावंच लागतं, आणि विचारलं म्हणून कुणी वाईट मानत नाही. सांगलीत आपण एखाद्या साहेबाला थेट विचारायला बिचकतो, इथं उलट विचारलं नाही तर यांना रस नाही असं समजतात.

पुढचे टप्पे ठरलेले. ऑनलाइन चाचण्या, मग लॅपटॉपसमोर एकट्यानंच बोलायची रेकॉर्डेड मुलाखत, समोर माणूस नाही, फक्त उलटे पळणारे सेकंद. हा प्रकार मला अजिबात पटलेला नाही. नंतर दिवसभराचं असेसमेंट सेंटर. तिथं गटात एक काम देतात, एक सादरीकरण घेतात आणि शेवटी दोन इंजिनिअर समोर बसून मुलाखत घेतात. ही मुलाखत मात्र झकास झाली. ‘पाण्यातच का काम करायचंय?’ असं विचारलं, तर मी आयर्विन पुलाबद्दल सांगितलं. पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी आहे हे पोरासोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि गावभाग, बाजारपेठ सगळं बुडालं. समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, मग तू लीड्सचे बंधारे बघितलेस का? बघितले होते. २०१५ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी इथं एअर नदी शहरात शिरली होती. त्यानंतर क्राउन पॉइंट आणि नॉस्ट्रॉपला हलते बंधारे बसवले, आत हवेचे मोठे रबरी फुगे आहेत, पूर आला की हवा काढून बंधारा खाली झोपवतात आणि पाण्याला वाट मोकळी करून देतात. पुढची वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. तयारी करून गेलेली पाठांतरं तशीच राहिली.

पाण्याचं क्षेत्र निवडलं याला आणखी एक रोकडं कारण होतं, आणि ते तुम्हीही लक्षात घ्या. इंग्लंड-वेल्समधल्या वॉटर कंपन्यांचा खर्च पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी ठरतो. आत्ताचा टप्पा एप्रिल २०२५ ते मार्च २०३०, आणि ऑफवॉट या नियामकानं त्यासाठी १०४ अब्ज पौंड मंजूर केलेत. इतका पैसा एका टप्प्यात आधी कधी आला नव्हता. याचं कारण गटारं. इथल्या जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस आला की नळ भरतो, आणि घराघरांत उलटं येऊ नये म्हणून ठिकठिकाणी केलेल्या सांडव्यांतून ते तसंच नदीत सोडतात. आता प्रत्येक सांडव्यावर मोजणीयंत्र आहे, त्यामुळे लपवता येत नाही. २०२३ या एका वर्षात इंग्लंडमधले हे सांडवे मिळून ३६ लाख तास वाहिले. लोक चिडले, पेपर चिडले, आणि त्या चिडण्यातून माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. ‘विलायतेला जाऊन गटारात काम करतेस?’ असं मामा विचारतो. हो, मामा, आणि पुढची पाच वर्षं मागणी आहे.

आता प्रत्यक्ष स्कीम. दोन वर्षांत तीन ठिकाणी फिरवतात. मला आधी डिझाइन, मग गटारांच्या जाळ्याचं संगणकावरचं मॉडेलिंग, मग साइट मिळाली. डिझाइनचे महिने मिळमिळीत गेले. ड्रॉइंगवरच्या खुणा दुरुस्त करणं, दुसऱ्याच्या गणिताची तपासणी, मीटिंगच्या नोंदी. ठीक. मॉडेलिंगमध्ये मजा आली, पण त्यात अडकून पडायचा धोका असतो. इन्फोवर्क्स हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर चांगलं येतंय असं एकदा कळलं की तुम्हाला तिथून कुणी हलू देत नाही. माझ्या आधीच्या बॅचमधली एक मुलगी स्कीमभर मॉडेलच चालवत बसली, साइट मिळालीच नाही. करारात रोटेशनची हमी नव्हती, ‘शक्यतो’ होतं. मी पहिल्या दिवसापासून साइट-साइट करत मागे लागले तेव्हा मिळाली.

साइट म्हणजे ब्रॅडफर्डच्या पलीकडे एका सांडपाणी केंद्रात पावसाळी पाण्याची भूमिगत काँक्रीट टाकी. कॉन्ट्रॅक्टर बांधणार आणि आम्ही ग्राहकाच्या बाजूनं गुणवत्ता बघणार, असा इथला एनईसी नावाचा ठरीव नमुन्याचा करार. मी तिथल्या सुपरवायझरची मदतनीस. जायच्या आधी सुरक्षेची परीक्षा देऊन सीएससीएसचं, म्हणजे साइटवर काम करायचं, कार्ड काढावं लागतं, बंदिस्त जागेत उतरायचं वेगळं ट्रेनिंग होतं. कमरेला गॅस मोजायचं यंत्र लावून, तिपाईच्या दोरावर मॅनहोलमध्ये सोडतात आणि वर उभा असलेला माणूस एक क्षण जागा सोडत नाही. ते यंत्र मला तीनदा तपासायला लावलं तेव्हा मुंबई-पुण्यातल्या गटारात नुसत्या दोरीवर उतरवलेल्या माणसांच्या बातम्या डोळ्यांसमोर आल्या. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथं नको.

एक सकाळ सांगते, म्हणजे काम कसं होतं ते कळेल. नोव्हेंबर, तापमान चार अंश, टाकीच्या भिंतीचं काँक्रीट चालू. काँक्रीटच्या गाड्या एकामागून एक येतात, प्रत्येकीबरोबर चिठ्ठी असते, प्लांटमध्ये माल भरल्याची वेळ लिहिलेली. भरल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरला पाहिजे असा नियम. मोटरवेवर अपघात झालेला, चौथी गाडी आली तेव्हा चिठ्ठीवरच्या वेळेपासून दोन तास वीस मिनिटं झाली होती. माझा सिनिअर त्या दिवशी रजेवर. फोरमन माझ्याकडे बघतोय, ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय, पंपावरची दोघं माझ्याकडे बघतायत, आणि मी पाच फूट एक इंच, दोन स्वेटरांवर पिवळं जाकीट. स्लम्प काढायला सांगितला, म्हणजे शंकूत माल भरून शंकू उचलायचा आणि माल किती खाली बसतो ते बघायचं. शंकू उचलला तर माल जागचा हललाच नाही, जवळजवळ शंकूच्याच आकारात उभा. ड्रायव्हर म्हणाला, थोडं पाणी मारलं की होईल. हे वाक्य मी मिरजेच्या साइटवरही ऐकलंय, शब्दशः. मी म्हटलं, ही गाडी घ्यायची नाही. फोरमननं त्याच्या इंजिनिअरला फोन लावला, दोन मिनिटं बोलला, आणि गाडी परत गेली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी ‘वरून फोन येईल’ असं सुचवलं नाही. दुपारी त्याच फोरमननं सँडविचच्या व्हॅनवरून माझ्यासाठी चीज-कांद्याचं आणून ठेवलं, कारण मी मांस खात नाही हे त्याच्या लक्षात होतं.

आणि आता ज्यासाठी पाचपैकी पाच दिले ते. इथं सिव्हिलमध्ये नुसत्या डिग्रीला फार किंमत नाही, चार्टर्ड, म्हणजे व्यवसायाच्या संस्थेनं तपासून मान्यता दिलेलं इंजिनिअर, व्हावं लागतं. ते ठरवते इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही संस्था, १८१८ साली लंडनमध्ये स्थापन झालेली. थॉमस टेलफर्ड तिचा पहिला अध्यक्ष. आपल्याकडे अनुभव म्हणजे नोकरीची वर्षं. या संस्थेला वर्षांशी देणंघेणं कमी. तिनं सात बाबी आखून दिल्यात: इंजिनिअरिंगची समज, नेतृत्व, व्यवहाराचं भान, सुरक्षा, पर्यावरण, संवाद, व्यवसायाशी बांधिलकी. या प्रत्येकीत तुम्ही काय केलंत ते पुराव्यानिशी दाखवायचं. कंपनीची स्कीम संस्थेनं मान्य केलेली असेल तर तुमच्यावर एक अनुभवी इंजिनिअर नेमला जातो आणि दर तीन महिन्यांनी त्याला लेखी अहवाल द्यावा लागतो. शेवटी संस्थेपुढे पाच हजार शब्दांचा अहवाल, सादरीकरण, मुलाखत आणि लेखी परीक्षा.

माझ्यावर नेमलेला माणूस साठीला टेकलेला, हॅलिफॅक्सचा, आयुष्यभर धरणं आणि गटारं केलेला. त्यानं माझा पहिला अहवाल परत पाठवला तो लाल शाईनं भरून. मी लिहिलं होतं, टीमनं तीन पर्यायांचा अभ्यास करून दुसरा निवडला. त्यानं खाली लिहिलं: ‘यात तू कुठं होतीस? तिसरा पर्याय का टाकून दिला? तुझं मत काय होतं, आणि ते कुणी खोडलं?’ दुसऱ्या अहवालातही तेच. तिसऱ्याच्या वेळी मी तिसऱ्या पर्यायाचा खर्च स्वतः काढला, पंपाच्या विजेचं वीस वर्षांचं बिल धरलं, आणि निवडलेला दुसरा पर्याय पुढे जाऊन महाग पडतोय असं लिहिलं. तो माणूस अहवाल घेऊन प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेला. पर्याय बदलला नाही, उशीर झाला होता, पण पुढच्या कामात वीजबिल धरायची पद्धत सुरू झाली. काँक्रीटच्या गाडीबद्दल त्याला सांगितलं तर शाबासकी वगैरे नाही. ‘स्लम्प चांगला आला असता तर काय केलं असतंस?’ एवढंच विचारलं, आणि उत्तर लिहून आण म्हणाला. वालचंदच्या चार वर्षांत आणि इथल्या एमएससीत मिळून मला इतकं बारकाईनं कुणी वाचलं नव्हतं.

हा माणूस मिळणं नशिबाचा भाग आहे, हेही सांगते. बॅचमधल्या शेफिल्डच्या मुलाचा वरिष्ठ अहवालावर न वाचता सही करायचा. तेव्हा मुलाखतीत किंवा ऑफर आल्यावर विचारा: माझ्यावर कोण असणार, त्याच्या हाताखालून गेल्या काही वर्षांत किती जण चार्टर्ड झाले? उत्तर देताना एचआर चाचरलं तर समजून जा.

पगार. सुरुवात वर्षाला २९,००० पौंड. सांगलीत आकडा सांगितला की लोक लगेच एकशे पाचनं गुणून तीस लाख म्हणतात. गुणू नका. टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून महिन्याला हातात साडेएकोणीसशेच्या आसपास. लीड्सच्या हाइड पार्क भागात विद्यार्थ्यांच्या घरात एक खोली सहाशेला. तिथं एक गंमत झाली. पूर्ण वेळ विद्यार्थी काउन्सिल टॅक्समधून, म्हणजे इथल्या घरपट्टीतून, सुटतात, त्यामुळे घराला बिलच नव्हतं. मी नोकरीला लागले आणि महिन्याभरात बिल आलं, एकच कमावता माणूस म्हणून पंचवीस टक्के सूट देऊन, पण पूर्ण माझ्या एकटीच्या नावावर. घरातल्या बाकीच्या तिघी विद्यार्थिनी, त्यांच्यावर कायद्यानं काहीच येत नाही. शेवटी त्यांनीच आपणहून इंटरनेटचं बिल उचललं. त्यात भारतातल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता. उपाशी राहत नाही, वर्षातून एकदा घरी जाता येतं, पण शिल्लक म्हणावी अशी पडत नाही. पुण्यात चांगल्या आयटी कंपनीत असलेली माझी मैत्रीण महिन्याअखेरीस माझ्यापेक्षा जास्त मागे टाकते. तीन गुण त्यामुळेच.

गाडीचं कुणीच आधी सांगितलं नाही. सांडपाणी केंद्रं गावाबाहेर असतात, उघडच आहे, तिथं बस जात नाही. भारतीय लायसन्सवर इथं राहायला आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं. माझे ते महिने एमएससीतच संपले होते. कंपनीच्या गाड्यांच्या विम्याला यूकेचंच लायसन्स लागतं. लेखी परीक्षा सोपी, पण ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळायला कित्येक महिने, आणि शिकवणीला तासाला चाळीस पौंडांच्या घरात. टेस्ट होईपर्यंत मी पहाटे सव्वापाचला एका सर्व्हेअरच्या गाडीत बसून जायचे, तो निघेल तेव्हा निघायचं. एका वर्षी आणखी दोघं परदेशी मुलं होती, त्यांना साइट रोटेशन ‘नंतर बघू’ म्हणून नाकारली गेली ती याच कारणानं. जाहिरातीत मात्र डोंगरांत हेल्मेट घालून हसणाऱ्यांचे फोटो. कंपनीनं शिकवणीचे पैसे दिले असते तर तीन महिन्यांत वसूल झाले असते. मी तसं सुचवून पाहिलं, ‘चांगली सूचना आहे’ असं उत्तर आलं, म्हणजे इथल्या भाषेत नाही.

आता एचआर आणि व्हिसा. इथं सावकाश वाचा.

मी लागले तेव्हा ग्रॅज्युएट व्हिसावर होते. तो दोन वर्षांचा, त्याला कंपनीची गरज नसते, फक्त फी आणि सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार आधीच भरायचा, तो तेव्हा वर्षाला ६२४ पौंड होता. दोन वर्षांची स्कीम, दोन वर्षांचा व्हिसा, छान जुळलं असं वाटतं. नाही जुळत. स्कीम संपायच्या आत कंपनीनं तुम्हाला स्किल्ड वर्कर या स्पॉन्सरशिपच्या व्हिसावर घ्यावं लागतं आणि त्याला किमान पगाराची अट आहे. मी लागल्यावर तिसऱ्या महिन्यात, एप्रिल २०२४ मध्ये, सरकारनं ती अट २६,२०० वरून एकदम ३८,७०० पौंडांवर नेली. नवख्यांसाठी कमी दर असतो, तो २०,९६० वरून ३०,९६० झाला. माझा पगार २९,०००. त्या वसंतात काही बड्या अकाउंटिंग कंपन्यांनी परदेशी मुलांना दिलेल्या ऑफर मागे घेतल्याच्या बातम्या इथल्या पेपरांत येत होत्या. मी एचआरला लिहिलं. उत्तर: परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. पुढचं वर्षभर हेच उत्तर, फक्त खालची सही बदलत गेली, कारण माणसं बदलत होती.

एप्रिल २०२५ च्या पगारवाढीनं मी ३१,६०० ला आले. म्हणजे अटीच्या वर. लगेच अर्ज करूया म्हटलं तर एचआर म्हणालं, व्हिसा जानेवारीपर्यंत आहे ना, घाई काय. मे महिन्यात सरकारनं श्वेतपत्रिका काढली. १ जुलैला नियम जाहीर झाले, २२ जुलैपासून लागू: सर्वसाधारण अट ४१,७००, नवख्यांसाठी ३३,४००. म्हणजे तीन आठवड्यांत कंपनीनं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र दिलं नाही तर माझा पगार पुन्हा अटीखाली. त्या तीन आठवड्यांत मी ईमेल बंद केले आणि ऑफिसात जाऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. आपल्याकडच्या तालुक्याच्या कचेरीत उभं राहायची सवय असते, ती इथं कामी आली. माझ्या हॅलिफॅक्सच्या साहेबानं डायरेक्टरला एक फोन केला. १७ जुलैला प्रमाणपत्र मिळालं. त्या धावपळीत एचआरमधली एक मुलगी रात्री नऊपर्यंत बसली होती, तो अर्धा गुण तिचा.

कागदावर सही करायच्या आधी परतफेडीचं कलम वाचा. दोन वर्षांत सोडलंत तर व्हिसाचा खर्च परत द्या, असं बहुतेक ठिकाणी असतं आणि ते एका मर्यादेत ठीक आहे. पण माझ्या मसुद्यात ‘इमिग्रेशनचा सर्व खर्च’ असं मोघम होतं. कंपनीनं सरकारला भरायचा एक वेगळा कर असतो, इमिग्रेशन स्किल्स चार्ज, तो कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं मनाई आहे. निविदा वाचायची सवय असलेल्यांना असलं कलम लगेच टोचतं. मी लिहून कळवलं, त्यांनी दुरुस्त करून दिलं, वाद झाला नाही.

यात आणखी एक मेख आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. नवख्यांचा कमी दर एकूण चार वर्षंच वापरता येतो आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्यातच धरतात. म्हणून मला पूर्ण पाच वर्षांचा नाही, जानेवारी २०२८ पर्यंतचाच व्हिसा मिळाला. त्यानंतर पूर्ण दर, ४१,७०० किंवा सिव्हिल इंजिनिअरसाठी ठरवलेला दर, जो जास्त असेल तो. तोपर्यंत अट आणखी वाढली तर तीही. शिवाय ग्रॅज्युएट व्हिसावरची वर्षं कायम वास्तव्याच्या पाच वर्षांच्या हिशेबात धरत नाहीत.

तो पगार मिळवायचा माझ्याकडे एकच सरळ मार्ग आहे, चार्टर्ड होणं. शेफिल्डच्या त्या मुलाला चार्टरशिप म्हणजे नावापुढची अक्षरं, झाली तर झाली, पस्तिशीपर्यंत कधीतरी. माझ्यासाठी ती २०२७ मध्ये व्हायला हवी. लाल शाईच्या अहवालांना मी इतके गुण का दिले ते आता कळलं असेल. एचआरनं जे ढिलं सोडलं ते त्या माणसानं बांधून दिलं. ज्या कंपनीत पगार हजार-दोन हजारांनी जास्त आहे पण असं ट्रेनिंग नाही, तिथं परदेशी मुलानं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्थानिक मुलानं खुशाल जावं, त्याच्या मागे घड्याळ नाही.

कुणी घ्यावी ही स्कीम? ज्यांना खरंच सिव्हिल करायचंय, लिहायचा कंटाळा नाही, थंडीत चिखलात उभं राहायची तयारी आहे, त्यांनी जरूर. नुसतं ‘फॉरेनला सेटल’ व्हायचंय त्यांना दोन वर्षांनी पश्चात्ताप होईल, कारण सेटल होण्याचे नियमच दर वर्षी हलतायत. कायम वास्तव्याची पाच वर्षांची मुदत दहा करायचा प्रस्ताव त्याच श्वेतपत्रिकेत आहे. कर्ज काढून येणाऱ्यांनी घरी आधी खरा आकडा सांगा, गुणाकार केलेला नको.

आणि येत्या सप्टेंबरात जे येणार आहेत त्यांच्यासाठी हिशेब माझ्यापेक्षा कडक आहे. १ जानेवारी २०२७ पासून जे ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करतील त्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार. तुमची एमएससी २०२७ च्या शरदात संपणार, म्हणजे तुम्ही त्यातच. चोवीस महिन्यांची स्कीम अठरा महिन्यांत बसत नाही. तेव्हा ऑफर स्वीकारताना ईमेलमध्ये लिहून घ्या की बाराव्या महिन्यात स्पॉन्सरशिपचा अर्ज सुरू होईल आणि तोपर्यंत पगार त्या दिवशीच्या अटीच्या वर असेल. फोनवरचं चालणार नाही, फोनवर बोललेला माणूस वर्षभरानं तिथं नसतो.